चौकातलं विमान

मिग-२१ रिटायर झालं त्या दिवशी मी लालबागला मामाकडे होतो. २६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ऑफिसला दांडी मारली होती, कारण इथे लिहिण्यासारखं नाही (बॉस हा ब्लॉग वाचतो). खाली नवरात्राच्या मांडवात लाऊडस्पीकरची टेस्टिंग चालू होती आणि वर चौदाव्या मजल्यावर आम्ही टीव्हीसमोर. चंदीगडचा सोहळा दाखवत होते. १९६३ साली जिथे मिग-२१ हवाई दलात दाखल झालं, तिथूनच त्याला निरोप. शेवटची उड्डाणं झाली, विमानं उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडवले. मामी म्हणाली, "लग्नातल्यासारखंच की." मामा काही बोलेना. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला, "आता बघ. कुठल्यातरी चौकात खांबावर चढवतील. वर कावळे, खाली भेळवाला."

मामाची ओळख करून द्यायला हवी. वय ८०. १९६३ सालीच हवाई दलात भरती झाला, इंजिन फिटर म्हणून. १५ वर्षं काढली, त्यातली बरीचशी आसामात जोरहाटला, डकोटा विमानांवर. परत आला तो परळच्या एका गिरणीत फिटर म्हणून लागला. मग १९८२ चा संप. पुढचं लालबागमधल्या कुठल्याही घरात विचारा, एकच गोष्ट ऐकायला मिळेल. नंतर काळाचौकीत एका लेथच्या दुकानात काम करत राहिला. चाळ गेली, टॉवर आला. मामा म्हणतो, "ज्या ज्या यंत्रावर मी हात ठेवला ते सगळं भंगारात गेलं. मी तेवढा राहिलोय."

तर मंडळी, आजचा विषय हा. लढाईतली जुनी विमानं जपायची म्हणजे नक्की काय करायचं? खांबावर लावायची, छपराखाली ठेवायची, की उडवायची? मी गेली काही वर्षं या विषयावर नेटवर नको तितका वेळ घालवलाय (सौ. चा शब्द "वाया" असा आहे), तेव्हा आज एकदाचं लिहून टाकतो.

आधी खांबाबद्दल. विमान चौकात लावायचं तर आधी त्यातलं इंजिन काढतात, कारण वजन. मग आतलं उपयोगाचं सगळं निघतं. राहतो तो पत्रा. त्याला ऑइलपेंट फासतात, आणि पोटात लोखंडी आधार ठोकतात. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा, आधार लोखंडाचा, आणि आपल्याकडे हवेत मीठ. दोन वेगळे धातू आणि खारट पाणी म्हणजे काय, हे ज्याने शाळेत बॅटरीचा प्रयोग केलाय त्याला सांगायला नको. चार पावसाळ्यांत जोडाजवळ पांढरी पूड दिसायला लागते. वरून पाहणाऱ्याला विमान दिसतं, आतून ते चाललेलं असतं. मी तर म्हणेन की चौकातलं विमान म्हणजे हप्त्याहप्त्याने विकलेलं भंगार. फक्त हप्ते कोणी घेत नाही.

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एचएफ-२४ मरुत आहे. मुंबईत शाळा काढलेल्या बहुतेकांनी ते सहलीत पाहिलेलं असेल आणि विसरलेलंही असेल. मीही त्यातलाच. पाचवीत बघितलं, जवळच्या जुन्या रेल्वे इंजिनावर चढायची जास्त घाई होती. नंतर एकदा मामा मला मुद्दाम घेऊन गेला. त्याने काय केलं माहित्येय? विमानाच्या समोर उभा न राहता तो मागे गेला, जिथून इंजिनाचा जाळ बाहेर पडतो तिथे, आणि वाकून आत बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "चल."

मरुत म्हणजे काही साधं प्रकरण नाही. भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. आराखडा कुर्ट टांक या जर्मन इंजिनियरचा. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ १९० ज्याचं, तोच. पहिलं उड्डाण १७ जून १९६१, बंगलोरला, वैमानिक विंग कमांडर सुरंजन दास. पुढे १९७० मध्ये मरुतच्याच चाचणीत ते गेले. विमानाचा सांगाडा उत्तम होता पण त्याला लायक इंजिन कधी मिळालंच नाही. ब्रिटिशांच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवलं आणि ते आयुष्यभर कमी ताकदीचं विमान म्हणून ओळखलं गेलं. तरी १९७१ ची लढाई लढलं. एकूण १४७ बनली. १९९० पर्यंत सगळी सेवेतून गेली. आज उडणारं एकही नाही.

आणि हेच ऑर्फियस इंजिन बसवलेली नॅट विमानं इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी उडती ठेवली. म्हणजे इंजिन जुनं झालं म्हणून मरुत संपलं, असं नाही. ते उडतं ठेवावं असं कोणाला वाटलंच नाही.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, आपला देश, पैसे नाहीत, लोकांना पाणी नाही वगैरे. मान्य. पण "पैसे नाहीत" हे उत्तर आपण जपायलाही वापरलं आणि मोडायलाही. विक्रांत आठवतेय? १९७१ च्या डिसेंबरात जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावला जेरीला आणलं ती. १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि पुढे मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळायची. कॉलेजात असताना मी गेलोय. पोटातल्या त्या भल्यामोठ्या हँगरमध्ये सी हॉक उभं होतं, पंख दुमडून, एखादा म्हातारा हाताची घडी घालून बसावा तसं. एक लहान मुलगा त्याच्या चाकाला लाथ मारून बघत होता आणि त्याची आई "नको रे, दुखेल त्याला" म्हणत होती. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

२०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं. २०१४ च्या जानेवारीत लिलाव, सुमारे ६० कोटींना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही टिकलं नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दारूखान्यात तिचे तुकडे पाडायला सुरुवात झाली. दारूखाना म्हणजे लालबागहून चालत अर्ध्या तासावर. मामा एकदा रे रोडच्या बाजूने बघायला गेला होता, काही दिसलं नाही म्हणाला, नुसता गॅस कटरचा वास. २०१६ मध्ये त्या लोखंडातून मोटारसायकली बनल्या. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये, खरंच बनल्या. ऑफिसातल्या एकाने घेतली. पाच वर्षांनी विकली.

असो. विषय विमानांचा आहे.

आता माझा मुद्दा, आणि इथे मला माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यावंच लागेल. सॉफ्टवेअरवाले हसतील, कारण प्रत्येकाच्या कंपनीत हे असतं. आमच्याकडे एक जुनी सिस्टीम होती. नवी आली, जुनी बंद केली, पण "लागली तर असू दे" म्हणून सर्व्हर, कोड, डॉक्युमेंटेशन सगळं नीट कुलपात ठेवलं. दीड वर्षाने ऑडिटसाठी ती चालू करायची वेळ आली. कोडचं एक अक्षर बदललेलं नव्हतं. आणि ती चालू होईना. पासवर्ड एक्स्पायर झालेले, ज्या मशीनशी ती बोलायची ती मशीनच गेलेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, "रात्रीचा जॉब अडकला की आधी ते दुसरं बंद करायचं" हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस कॅनडाला. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नसणार, इतकं ते त्याच्या हातात बसलेलं होतं. जी सिस्टीम रोज चालते ती रडतखडत का होईना, जिवंत राहते, कारण रोज कोणीतरी तिच्याशी भांडत असतं. कपाटात ठेवलेली मरते, आणि मेल्याचं कळतही नाही.

विमानाचंही हेच. मामाला मी विचारलं, डकोटा सकाळी सुरू कसं करायचं? मला वाटलं बटण वगैरे सांगेल. तो म्हणाला, "आधी पंखा हाताने फिरवायचा. पाती मोजायची." का? तर डकोटाचं इंजिन गोल असतं, १४ सिलिंडर चक्रासारखे भोवती. रात्रभर विमान उभं राहिलं की ऑइल निथळून खालच्या सिलिंडरांत जमतं. तसंच बटण दाबलं तर पिस्टनला वाट मिळत नाही (ऑइल काही दाबलं जात नाही) आणि आतला दांडा वाकतो. म्हणून आधी हाताने फिरवायचं, आणि फिरवताना लक्ष द्यायचं. इतपत पुस्तकात असतं. पण मग मामा म्हणाला, "पातं अडलं तर जोर लावायचा नाही. नवीन पोरं जोर लावतात. उलटंही फिरवायचं नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटतं, पण ऑइल तिथेच कुठेतरी बसतं आणि पुढे घात करतं. खालचे प्लग काढ, ऑइल गळू दे, चहा पिऊन ये. आणि अडणं कसं लागतं ते हाताला कळतं. दाबाचं अडणं वेगळं, ऑइलचं वेगळं." मी विचारलं, वेगळं म्हणजे कसं? त्याने हवेत हात धरून दाखवलं. मला काही कळलं नाही. कळणारच नाही, माझ्या हातात पंखा कुठे होता?

तर माझं म्हणणं हे: विमान उडवून आपण विमान जपत नाही. उलट उडवल्याने ते झिजतंच. उडवून आपण मामाचे हात जपतो. विमान हे फक्त निमित्त. विमान उडायचं थांबलं की पुढच्या पिढीला ते हात मिळायचं कारणच संपतं.

हे माझ्या मनाचं नाही. इंग्लंडमध्ये व्हल्कन नावाचं अवाढव्य बाँबर विमान लोकांनी वर्गण्या काढून २००७ मध्ये पुन्हा उडवलं. आठ वर्षं उडालं. २०१५ मध्ये थांबलं, ते मोडलं म्हणून नाही. मूळ विमान आणि इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या वारसदारांनी सांगितलं की या जातीचं विमान समजणारी माणसं आता आमच्याकडे उरलेली नाहीत, तेव्हा सुरक्षित असल्याची ग्वाही देता येणार नाही. विमान ठणठणीत, जाणकार संपले. मला ही बातमी वाचून आमची कपाटातली सिस्टीम आठवली होती.

हे सगळं मी एकदा घरी उत्साहाने सांगत होतो. सौ. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीयेत. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि पडलं तर?"

या प्रश्नाला विमानवेडे लोक फार गुळमुळीत उत्तरं देतात, म्हणून मी आकडे लिहितो. २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडमधलं शोरहॅम. हॉकर हंटर (आपल्याकडेही होती ही) कसरत करताना शेजारच्या हायवेवर कोसळलं, ११ जण गेले. वैमानिक वाचला. ४ ऑगस्ट २०१८, स्वित्झर्लंड. जुनं युंकर्स-५२, तिकीट काढून बसलेले प्रवासी, २० पैकी एकही वाचला नाही. २ ऑक्टोबर २०१९, अमेरिका. बी-१७ बाँबर, ७ मृत. तपासात देखभालीतल्या चुका निघाल्या. १२ नोव्हेंबर २०२२, डॅलस. दोन जुनी विमानं हवेतच एकमेकांवर आदळली, ६ मृत. मे २०२४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती पथकाचं स्पिटफायर पडलं, वैमानिक गेला.

सौ. म्हणाली, "यातल्या हायवेवरच्या अकरा माणसांनी काय कोणाचे हात जपायचे होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण त्या भांडणानंतर माझं मत बदललं, ते असं. तिकीट घेऊन जुन्या लष्करी विमानात प्रवासी बसवणं बंद. पैसे त्यातून येतात हे मला माहीत आहे, तरी बंद. माणसांच्या डोक्यावर कसरती नाहीत, सरळ जायचं, सरळ यायचं. ब्रिटनने शोरहॅमनंतर जुन्या जेटच्या जमिनीवरच्या कसरतींवर बंधनं आणली, ती आधीच आणायला हवी होती. आणि आपल्याला तर देवाने समुद्र दिलाय. जानेवारी २०२४ मध्ये मरिन ड्राइव्हवर हवाई दलाचा शो झाला तेव्हा गिरगाव चौपाटीपासून कठड्यावर माणूस मावत नव्हता, आणि सूर्यकिरणची विमानं समोर पाण्यावर. धोका पत्करायचा तो ज्याने समजून-उमजून पत्करलाय त्याने, म्हणजे वैमानिकाने. खाली वडापाव खाणाऱ्याने नाही. सौ. ला हे अर्धंच पटलंय. ती म्हणते वैमानिकालाही आई असते.

वरच्या यादीतल्या त्या बी-१७ चा एक धागा आपल्याकडे येतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर बाँबर कानपूरला टाकून दिली, आणि जाताना ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम तोडफोड केली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती जेमतेम उडण्याइतकी जुळवली आणि जमशेद मुन्शी नावाच्या त्यांच्या वैमानिकाने एकेक करत बंगलोरला उडवत नेली. विचार करा, शत्रूने नाही तर मालकाने मोडलेलं विमान, कोण कसं जुळवलंय ठाऊक नाही, आणि हा माणूस ते घेऊन निम्मा देश ओलांडतोय. हवाई दलाने ही विमानं १९६८ पर्यंत वापरली! तोवर बाकी जगात लिबरेटर जवळजवळ नामशेष झालेली. म्हणून मग परदेशी संग्रहालयं आपल्याकडे आली. त्यातलं एक अमेरिकेत १९८९ मध्ये पुन्हा उडालं आणि पुढे तीस वर्षं उडत राहिलं. संस्था तीच, जिचं बी-१७ पडलं. आपल्या तळांवर पडलेली स्पिटफायरही १९७० च्या दशकात असंच इंग्लंडला गेली, त्यातली काही आज तिकडे उडतात. आपण जपायला नालायक आहोत असं मी म्हणणार नाही. पण आपण "चालतंय तोवर चालवू" यात जगात पहिले आणि त्यानंतरच्या दिवशी काय करायचं यात शेवटचे.

अपवाद आहे, आणि तो नेमका मामाच्या विमानाचा आहे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक मोडकळीला आलेलं डकोटा विकत घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. ते दुरुस्त करून हवाई दलाला भेट द्यायचं म्हटलं तर आधीच्या सरकारने नको म्हणून सांगितलं. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार आला. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आलं. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी, बहरीन, ओमान, आणि २५ एप्रिलला जामनगर. बोटीत घालून नाही आणलं, हे महत्त्वाचं. नाव ठेवलं परशुराम, म्हणजे आपल्या चिपळूणवाल्यांनाही खुशीत राहायला हरकत नाही. अंगावर आकडा व्हीपी ९०५, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. आता हे ते विमान नव्हे, हे महायुद्धात ब्रिटिशांकडे होतं आणि नंतर तिकडेच नागरी कामाला. शुद्धतावादी नाक मुरडतात. मला त्याचं काही वाटत नाही. दिल्लीजवळ हिंडनला हवाई दलाचं जुन्या विमानांचं पथक आहे, टायगर मॉथ आणि हार्वर्डही त्यांच्याकडे आहेत. तिथला कोणीतरी विशीतला फिटर आज सकाळी पंखा हाताने फिरवून पाती मोजत असेल, तर आकडा कुठलाही असो.

मामाला मी या विमानाचा इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ दाखवला. त्याने फोन हातातून घेतला, डोळे मिटून कानाला लावला. मी म्हटलं, "मामा, बघायचंय ते." म्हणाला, "थांब रे." पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "घाई नाही करत. बरंय."

आता एक आक्षेप, जो मला लालबागमध्येच भेटला. मामाचा नातू म्हणाला, काका, आपण इथे दर वर्षी एवढी मोठी मूर्ती करतो आणि बुडवतो. कोणी म्हणतं का १९३४ सालची मूर्ती जपून ठेवायला हवी होती? मग विमानांचंच का? पोरगं अकरावीत आहे, पण प्रश्न बिनतोड. दोन दिवस विचार करत होतो. आपण मूर्ती बुडवू शकतो कारण आषाढात पुन्हा माती कालवली जाणार हे ठरलेलं असतं. मूर्तिकाराचा हात वर्षभरात एकदा तरी फिरतो, त्याच्या शेजारी त्याचा मुलगा डोळे रंगवायला शिकतो. समजा लागोपाठ तीस वर्षं गणपतीच झाला नाही. एकतिसाव्या वर्षी कोण करेल मूर्ती? फोटो असतील हजारो. डकोटा आता कोणी नवं बनवत नाही. त्याचा गणपती म्हणजे त्याचं उड्डाण. ते चुकवलं की शाळा बंद.

गिरण्यांचं काय झालं, बघा ना. चिमण्या ठेवल्या. काचेच्या इमारतींच्या मधोमध उभ्या आहेत, रात्री दिवेही सोडतात त्यांच्यावर. माग चालवू शकणारा माणूस शोधा आणि मला सांगा.

म्हणून परत मिग-२१. माझं मत ऐकून काही जणांना राग येईल, पण मिग-२१ उडतं ठेवू नये. एकच इंजिन, उतरतानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात, चुकीला माफी नाही. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलेले आकडे असे: सगळ्या जातींची मिळून ८७२ मिग घेतली, त्यातली ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले. हे झालं तरणीबांड विमानं आणि रोजचा सराव असताना. आता हौसेसाठी, वर्षातून चार वेळा? नको. इथे मी सौ. च्या बाजूने.

पण खांबही नको. मधली वाट आहे. इंग्लंडमध्ये उडायचं बंद झालेलं एक व्हल्कन वेल्सबर्न नावाच्या छोट्या धावपट्टीवर आहे. ते उडत नाही, पण त्याची इंजिनं चालू करतात, धावपट्टीवर पळवतात, थांबवतात. लोक बघायला येतात, आणि त्यासाठी तरुण पोरांना ते इंजिन शिकावं लागतं. आपल्याकडे हे कुठे करायचं, यावर डोकं खाजवायची गरजच नाही. मिग-२१ बनलं आपल्या नाशकात, ओझरला. १९६० च्या दशकापासून तिथे ही विमानं बांधली, उलगडली, सुधारली. धावपट्टी तिथे आहे. आणि ज्यांनी आयुष्यभर हे विमान खोललं-जोडलं ती माणसं आज नाशिकच्या आसपास रिटायर होऊन नातवंडं सांभाळतायत. एक विमान, एक इंजिन, वर्षातून सहा वेळा चालू करायचं, दोन जुने आणि चार नवे असे हात त्याला लावायचे. पैसे? आपल्या कंपन्या सीएसआरच्या नावाखाली दर वर्षी एकाच भिंतीला पाच वेळा रंग देतात, मी स्वतः दिलाय ब्रश हातात घेऊन. फोटोही आहे. डकोटाच्या बाबतीत तर एका माणसाने स्वतःच्या खिशातून करून दाखवलं.

फक्त हे लवकर करायला हवं. दहा वर्षांनी ओझरला विमान असेल, धावपट्टी असेल, आणि कोणीतरी हौशी माणूस हातात मॅन्युअल घेऊन उभा असेल.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. रविवारी सकाळी लालबागला जातो, मोबाईल स्टँडवर लावतो आणि मामा डकोटाचं इंजिन सांगतो. पहिल्या दिवशी त्याने मामीची पोळपाट-लाटणी मागवून सिलिंडर मांडले, दुसऱ्या दिवसापासून मामीने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. कालपर्यंत चार भाग झाले. अजून इंजिन सुरू झालेलं नाही, पाती मोजणं चालू आहे. मधेच तो थांबतो आणि म्हणतो, "हे नाही सांगता येत, हात दे इकडे." मग मी हात देतो. तो माझं मनगट धरून हळूहळू फिरवतो आणि विचारतो, "अडलं का?"

मी दर वेळी हो म्हणतो. तो म्हणतो, "नाही अडलं. परत."